‘पानी’ ऐकल्यावर

एक छोटा प्रयोग करून बघा. ‘पानी’ हा शब्द मनातल्या मनात हिंदी सिनेमातल्या नायिकेच्या तोंडी घाला. कसा वाटतो? बहुतेक कसाच वाटत नाही. शब्द येतो, अर्थ देतो आणि जातो. आता तोच शब्द माजलगावच्या बसस्टँडवर एखाद्या बाईच्या तोंडून ऐका : ‘‘पानी हाय का ओ हितं कुटं?’’ मराठी शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या बऱ्याच जणांच्या कानात लगेच एक बारीकशी घंटा वाजते. अशुद्ध. गावठी. न शिकलेली.

हवेतून कानापर्यंत आलेला आवाज दोन्ही वेळेला जवळपास एकच आहे. तोच ‘न’, तेच स्वर. मग घंटा कुठे वाजली? आवाजात तर नक्कीच नाही.

मी केज तालुक्यातला. बारावीपर्यंत ‘कामून’ हा ‘का’ या अर्थाचा साधा शब्द होता माझ्यासाठी. पुण्यात शिकायला गेलो तेव्हा कळलं की तो एक विनोद आहे. होस्टेलवर आईशी फोनवर बोलायचो, ‘‘जेवायलोय गं, मागून करतो’’, की शेजारच्या कॉटवरून कुणीतरी म्हणायचं, ‘‘परत बोल ना तसं!’’ पोरं वाईट नव्हती. पुढे त्यातलेच दोघं जिवाभावाचे झाले. म्हणून तर प्रश्न जास्त अवघड आहे. ज्यांच्या मनात काही वाकडं नाही, त्यांच्या कानाला एखादी बोली ‘तशी’ का ऐकू येते? आणि तशी ऐकू येणं हा त्यांचा दोष धरायचा का?

आधी ‘ण’चं प्रकरण बघू, कारण मराठीत शुद्ध-अशुद्धाची सगळ्यात मोठी तपासणी याच अक्षरावर होते. ‘पाणी, आणि, कोण, लोणी’ म्हणणारा सुशिक्षित. ‘पानी, आनी, कोन, लोनी’ म्हणणारा अडाणी. आता हाच ‘ण’ घेऊन दिल्लीला जा. तिथे हरियाणवी माणूस ‘पाणी’ म्हणतो, ‘जाणा’, ‘खाणा’ म्हणतो, आणि दिल्लीचा शहरी कान त्याला गावंढळ ठरवतो. तिथे ‘न’ सभ्य आणि ‘ण’ रांगडा. पुण्यात जे अक्षर माणसाला वर नेतं, तेच अक्षर दिल्लीत त्याला खाली आणतं. अक्षराच्या अंगात सभ्यपणा असता, तर रेल्वेत बसल्यावर तो उतरून गेला नसता.

आणखी मागे जाऊ. मराठीची पूर्वज मानली जाणारी महाराष्ट्री प्राकृत घ्या. वररुचीच्या प्राकृत व्याकरणात नियमच आहे की संस्कृतातल्या ‘न’चा सगळीकडे ‘ण’ होतो. ‘नगर’चं ‘णअर’, ‘नयन’चं ‘णअण’. संस्कृताच्या बाजूने बघितलं तर हा सगळा उच्चारांचा बिघाडच. पण इ.स. ९००च्या सुमाराला राजशेखराने ‘कर्पूरमंजरी’ हे अख्खं नाटक प्राकृतात लिहिलं आणि त्यात त्याने संस्कृतला कठोर आणि प्राकृतला सुकुमार म्हटलं. म्हणजे ‘ण’ जागोजागी पेरलेली ती भाषा त्या काळच्या रसिक कानाला मऊ लागत होती. जुन्या नाटकांचा रिवाजही बघण्यासारखा आहे : राजा बोलणार संस्कृत, नायिका बोलणार शौरसेनी, तिची गाणी महाराष्ट्रीत, आणि खालच्या दर्जाची पात्रं मागधीत. कुठली बोली गायची, कुठली हुकूम द्यायला आणि कुठली हसायला, हे वाटप आपल्याकडे फार जुनं आहे. रंगमंच बदलला, पात्रं बदलली, वाटप राहिलं.

‘पण काही आवाज मुळातच कर्कश असतात आणि काही मुळातच गोड, हे तर मानाल?’ असं कुणी विचारेल. हा प्रश्न योग्य आहे आणि तो तपासूनही झालेला आहे. हॉवर्ड जाइल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ग्रीसमध्ये अथेन्सची बोली मानाची आणि क्रीट बेटावरची बोली गावाकडची समजली जाते. या दोन्ही बोली त्यांनी ग्रीकचा गंधही नसलेल्या ब्रिटिश विद्यार्थ्यांना ऐकवल्या आणि कोणती अधिक गोड, कोणती अधिक प्रतिष्ठित वाटते, ते विचारलं. विद्यार्थ्यांना फरक सांगता आला नाही. अथेन्सची गोडी ऐकायला आधी अथेन्स म्हणजे राजधानी आणि क्रीट म्हणजे लांबचं बेट हे ठाऊक असावं लागतं. कान ते ज्ञान ऐकतो आणि आपल्याला वाटतं की तो आवाज ऐकतोय.

माझी खात्री आहे की मराठीचं एक अक्षर न कळणाऱ्या माणसाला सदाशिव पेठ आणि सिरसाळा एकाशेजारी एक ऐकवले, तर त्याचंही तेच होईल. कदाचित एवढं म्हणेल की दुसरा जरा मोठ्याने बोलतोय. ते खरंही आहे. आमच्याकडे माणसं मोठ्याने बोलतात. वावराच्या या बांधावरून त्या बांधाला हाक मारायची सवय घरात आल्यावर लगेच मोडत नाही. पण ‘मोठा आवाज’ हे वर्णन झालं आणि ‘भांडकुदळ’ हा निकाल झाला. वर्णनापासून निकालापर्यंतचं अंतर ऐकणारा एका क्षणात कापतो. इतक्या पटकन, की आपण चाललो हेसुद्धा त्याला कळत नाही.

मग आपल्या कानाला हे ज्ञान दिलं कुणी? इथे बीड जिल्ह्याचा इतिहास उपयोगी पडतो. आजची प्रमाण मराठी इंग्रजी अमदानीत घडली. मोल्सवर्थचा कोश १८३१मध्ये निघाला, शाळांची क्रमिक पुस्तकं आली, वर्तमानपत्रं आली, आणि या सगळ्याची केंद्रं मुंबई-पुण्याकडे होती. त्या वेळी आमचा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. कारभार आधी फारसीत, मग उर्दूत. १९१८मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ला निजामाच्या हातून सुटला, १ नोव्हेंबर १९५६ला द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६०ला महाराष्ट्रात. म्हणजे ‘चांगली मराठी’ कशाला म्हणायचं हे ज्या बैठकीत ठरलं, त्या बैठकीत आम्ही नव्हतोच. आम्ही पोहोचलो तेव्हा सतरंज्या गुंडाळून झाल्या होत्या आणि ठराव छापून आला होता.

ठरावात तर्क शोधायला गेलं की गंमत येते. ‘करायलाय’ हे रूप घ्या. ‘पाऊस यायलाय’, ‘पोरगं रडायलंय’. पुण्याच्या कानाला हे अर्धवट वाटतं. हे बहुधा ‘करायला लागलाय’ आकसून झालेलं रूप असावं. पण पुण्यातलं ‘करतोय’ तरी काय आहे? ‘करतो आहे’ आकसून झालेलं. दोन्ही ठिकाणी जिभेने एकच काम केलं : रोज लागणारा लांब वाक्प्रयोग घासून छोटा केला. एका ठिकाणच्या घासण्याला सहजता म्हणतात, दुसऱ्या ठिकाणच्या घासण्याला आळस.

आणि हे सगळं ज्या जिल्ह्याबद्दल बोललं जातं, त्याच जिल्ह्यात अंबाजोगाई आहे. मुकुंदराजांची समाधी तिथली, आणि परंपरा सांगते की ‘विवेकसिंधु’ शके १११०मध्ये, म्हणजे इ.स. ११८८मध्ये लिहिला गेला. काळ आणि स्थळाबद्दल अभ्यासकांचे वाद आहेत, पण मुकुंदराजांना आद्यकवी म्हणायची पद्धत आपल्या हाडीमाशी आहे. तेव्हाचा विद्वान कान कसा होता? ब्रह्मज्ञान सांगायचं तर संस्कृतात, बाजारहाट करायची तर मराठीत. पुढच्या शतकात महानुभावांच्या पंथातही हाच पेच आला. संस्कृतात प्रश्न विचारणाऱ्या पंडित शिष्यांना नागदेवाचार्यांनी सांगितलं की चक्रधरांनी मला मराठीतच शिकवलं आहे, तेव्हा तुम्हीही त्याच भाषेत विचारा. मराठीचा अभिजात दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ला केंद्राने मान्य केला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्या दर्जाच्या मुळाशी कोण आहे? आपल्या बोलीला कमी लेखणाऱ्या कानासमोर न दबता तिच्यात गहन बोलणारी माणसं.

इथपर्यंत सोपं होतं. तुच्छता वाईट, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. मला जास्त छळतो तो तिचा हसरा भाऊ : कौतुक.

‘‘किती गोड बोलता तुम्ही मराठवाड्याचे! किती रांगडी, मातीतली भाषा!’’ हे वाक्य मला गेल्या काही वर्षांत शिव्यांपेक्षा जास्त वेळा ऐकायला मिळालंय. बोलणारा मनापासून बोलत असतो. पण मी तेव्हा सोयाबीनच्या पीकविम्याबद्दल बोलत असतो, आणि त्याला विमा ऐकूच आलेला नसतो. त्याला ऐकू आलेली असते चाल. गाण्याचे शब्द न कळता आपण ठेका धरतो, तसं. माझं म्हणणं बाजूला राहतं आणि माझा आवाज तेवढा त्याच्या हातात उरतो. ‘गोड’ हीसुद्धा एक घंटाच आहे. फक्त तिचा आवाज बरा आहे.

विनोदाचंही असंच. लक्ष्मण देशपांड्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्याने पन्नासहून अधिक पात्रं उभी केली आणि मराठवाड्याची बोली लंडनपर्यंत पोहोचवली. मकरंद अनासपुऱ्यांनी ती सिनेमात नायकाच्या तोंडी आणली. मी त्यांच्यावर पोट धरून हसलोय, माझा सगळा गाव हसलाय. विनोद हा गुन्हा नाही. अडचण सुरू होते ती बोलीला एवढंच काम उरतं तेव्हा. आज रील उघडलं की मराठवाड्याची बोली बोलणारं माणूस हे हमखास भोळं, नाहीतर चालू, नाहीतर दारुडं. प्रेमात पडताना, पोरीच्या ॲडमिशनची चिंता करताना, मयताला जाऊन आल्यावर गप्प बसताना हीच बोली कुणी बोलतं का? रोज बोलतं. पण ते फोनवर येत नाही. म्हणून भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा मला फार मोठी वाटते. भाव पडल्यावर बाप भर बाजारात आपलेच टोमॅटो तुडवतो. तिथली बोली वाचताना कुणाला हसू येत नाही. एकदा असं रडू त्या बोलीत ऐकलं, की पुढच्या वेळी स्टँडवरची बाई ‘पानी’ म्हणते तेव्हा घंटा जरा उशिरा वाजते.

या सगळ्यात पणाला काय लागलंय? फक्त होस्टेलवरच्या पोराचा मूड? तेवढंच असतं तर मी हा लेख लिहिला नसता.

मिरांडा फ्रिकर या तत्त्वज्ञ बाईंनी २००७च्या आपल्या पुस्तकात एका अन्यायाला नाव दिलं. माणूस काही सांगतो, आणि ऐकणारा त्याच्या सांगण्यातला पुरावा बघून नव्हे तर तो ‘कुठला’ आहे हे बघून त्याच्यावर कमी विश्वास ठेवतो. आपण त्याला साक्षीचा अन्याय म्हणू. यात कुणी मारत नाही, लुटत नाही. सांगणाऱ्याचं सांगणं फक्त वजनात कमी भरतं.

आता बीडचा विचार करा. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या पंचवीस लाखांच्या वर आहे. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या आगेमागे इथली लाखो माणसं मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. माणसाची मोजणीच हत्याराने होते, तर त्याच्या बोलण्याची किती होणार? सहा महिने ही माणसं परक्या गावाच्या कडेला कोप्यांत राहतात. दवाखान्यात, रेशनच्या रांगेत, कारखान्याच्या वजनकाट्यावर, पोलीस चौकीत त्यांनी तोंड उघडलं की पहिल्या शब्दाला समोरच्याला कळतं : टोळीवाले. पुढचं वाक्य त्या शिक्क्याखालून ऐकलं जातं.

ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनांचा प्रश्न २०१९मध्ये गाजला. सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं असं ऑपरेशन झालेलं आढळलं. याला बोली कारणीभूत होती असं मी म्हणत नाही. गरिबी, खाडा पडला की कापला जाणारा पैसा, कॅन्सरची भीती, धंदा, ही कारणं सगळ्यांनी सांगितली आहेत. पण ‘‘कंबर लई दुखायलीय, अंगावरून जायलंय’’ हे वाक्य एखाद्या टेबलापलीकडे कसं ऐकलं जातं, हा प्रश्न मला सोडत नाही. ते आजाराचं वर्णन म्हणून ऐकलं जातं, की ‘या बायकांचं नेहमीचंच’ म्हणून? आणि ‘‘पिशवी काढू नगा’’ असं एखादी म्हणालीच, तर तो तिचा निर्णय म्हणून ऐकला जातो, की अडाणीपणा म्हणून? कानाची सवय इथे रुचीचा मामला राहत नाही. तिची किंमत शरीराने मोजावी लागते.

यावर एक नेहमीचा सल्ला असतो : मग शिकून घ्या ना शुद्ध बोलायला. मला प्रमाण मराठीचं वैर नाही. हा लेख मी तिच्यातच लिहितोय. २०११मध्ये मराठी मातृभाषा सांगणारे लोक आठ कोटींच्या वर होते. एवढ्या लोकांना एकमेकांचे कागद वाचता यायचे तर एक समाईक भाषा लागणारच. पण मोंढ्यात सगळ्यांनी किलो वापरायचं ठरलं म्हणून पायली आणि शेराला कुणी ‘अशुद्ध वजन’ म्हटलं नाही. व्यवहारासाठी एक माप निवडलं, एवढंच. सोयीचं माप आणि पवित्र माप यांत आपण भाषेच्या बाबतीत गल्लत केली. शिवाय या सल्ल्यात सगळी मेहनत बोलणाऱ्याने करायची आहे. दोन माणसांमध्ये पूल बांधायचा, आणि सगळे दगड एकानेच वाहायचे, तेही ज्याची पाठ आधीच वाकलेली आहे त्याने. ऐकणाऱ्यासाठी एखादा क्लास का नाही?

हे म्हणताना आम्हा बीडकरांना बाजू घेऊन बसता येणार नाही. आमच्या बाजारात दख्खनी बोलली जाते. तिने ‘नको’ मराठीकडून घेऊन त्याचं ‘नक्को’ केलं, आपला ‘च’सुद्धा घेतला. याच दख्खनच्या बोलीत गझल म्हणणारा वली १७००मध्ये दिल्लीला गेला आणि तिथल्या फारसीत रमलेल्या कवींना आपल्या बोलीकडे वळवून आला, असं उर्दूचा इतिहास सांगतो. पुढे त्याच दिल्लीने दख्खनी शब्द खडबडीत म्हणून गाळले. आमच्याकडे त्या बोलीच्या नकला कोण करतं? आम्हीच. तांड्यावरून गोरमाटी बोलत आलेलं लेकरू पहिलीच्या वर्गात गप्प बसतं, तेव्हा त्याला ‘ढ’ कोण म्हणतं? आमच्याच गावची माणसं. वॉलेस लॅम्बर्ट यांनी १९६०मध्ये मॉन्ट्रियलला केलेल्या प्रयोगात तीच माणसं एकदा इंग्रजीत आणि एकदा फ्रेंचमध्ये बोलताना ऐकवली होती. ऐकणाऱ्यांना ती वेगवेगळी माणसं वाटली, आणि फ्रेंच मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांनीही इंग्रजीतल्या आवाजाला अनेक गुणांत जास्त मार्क दिले. ज्याच्यावर निकाल लागतो त्याच्याही कानात तीच घंटा बसवलेली असते. म्हणून गावाकडचं पोर मोबाइलवर अनोळखी नंबर आला की आपोआप ‘पाणी’ म्हणायला लागतं, आणि फोन ठेवल्यावर ‘पानी’ पितं.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मी न निवडलेल्या सवयीला मी जबाबदार आहे का? माझा कान शाळेने, टीव्हीने, घराने घडवला. घंटा वाजते ती मी वाजवत नाही. तिच्याबद्दल मला अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही, आणि होस्टेलवरच्या त्या दोस्तांनाही नाही. पण घंटा वाजल्यावर पुढचे दोन सेकंद माझे आहेत. त्या दोन सेकंदांत मी माणसाबद्दल निकाल देतो, की त्याचं वाक्य पूर्ण होऊ देतो, हे मी ठरवू शकतो. तिखटाची सवय नसलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं, त्यात त्याची चूक नाही. पण म्हणून त्याने स्वयंपाकच वाईट होता असं सांगत फिरू नये.

आणि कान बदलतो, ही यातली चांगली बातमी. तुमच्याच फोनवर त्याची सोय आहे. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने महाराष्ट्रभरच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय आणि ते इंटरनेटवर ठेवलंय. गावोगावची माणसं आपल्या आयुष्यातल्या गोष्टी आपल्या बोलीत सांगतात, त्यांची रेकॉर्डिंगं तिथे आहेत. कानात हेडफोन घालून दहा मिनिटं ऐका. पहिली दोन मिनिटं तुम्हाला बोली ऐकू येईल : इथे ‘न’, तिथे हेल, हा शब्द नवा. पाचव्या मिनिटाला ती विरत जाईल. दहाव्या मिनिटाला तुम्ही त्या बाईच्या विहिरीला त्या वर्षी पानी लागलं की नाही, याची वाट बघत असाल.